कर्ट वॉर्नर: किराणा दुकान आणि सुपर बोल यांच्या मधली पाच वर्षं

मिसिसिपीकाठी (धागाकर्ता)

अमेरिकन फुटबॉलच्या कर्ट वॉर्नरबद्दल ज्यांनी ऐकलंय त्यांनी बहुतेक एका दमात ऐकलंय. आयोवा राज्यातलं सीडर फॉल्स गाव, हाय-व्ही नावाच्या किराणा दुकानात रात्रपाळी, तासाला साडेपाच डॉलर, फळ्यांवर डबे रचायचं काम. आणि २००० सालच्या जानेवारीत तोच माणूस सुपर बोलचा, म्हणजे एनएफएल या व्यावसायिक लीगच्या अंतिम सामन्याचा, सर्वोत्तम खेळाडू. गोष्ट खरी आहे. पण अशी सांगितली की वाटतं, कुणीतरी दुकानातून उचललं आणि मैदानात उभं केलं. दुकान १९९४चं आणि सुपर बोल २०००चा. मधली पाच वर्षं सगळे गाळतात आणि माझ्या मते खरा क्वार्टरबॅक त्या पाच वर्षांतच घडला. म्हणून हा धागा.

वॉर्नर २२ जून १९७१चा, जन्म आयोवातल्याच बर्लिंग्टनचा. नॉर्दर्न आयोवा विद्यापीठात शेवटच्या वर्षापर्यंत बाकावर बसला. शेवटच्या वर्षी, १९९३ला, संधी मिळाली आणि त्यांच्या विभागातला सर्वोत्तम आक्रमक खेळाडू ठरला. १९९४च्या ड्राफ्टमध्ये (तिथे लीगचे संघ नवे खेळाडू निवडतात) एकाही संघानं त्याला घेतलं नाही. ग्रीन बे पॅकर्सनी सराव शिबिराला तेवढं बोलावलं. तिथे त्याच्या पुढे ब्रेट फार्व, मार्क ब्रुनेल आणि टाय डेटमर.

या शिबिरातला एक प्रसंग त्यानं स्वतःच पुढे सांगितला आहे. क्वार्टरबॅकचे प्रशिक्षक स्टीव्ह मारिउची यांनी त्याला मैदानात उतरायला सांगितलं आणि तो नाही म्हणाला. संघाच्या चाली अजून नीट डोक्यात बसल्या नव्हत्या, आपली तयारी झालेली नाही असं त्याला वाटलं. थोड्याच दिवसांत त्याला घरी पाठवलं. मला त्याच्या सगळ्या आयुष्यातला हा क्षण सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आयुष्यभर ज्याची वाट पाहिली ते दार उघडलं आणि याच्या तोंडून 'नाही' गेलं. त्यानंतर दुकानातली रात्रपाळी, आणि दिवसा आपल्याच विद्यापीठाच्या संघाला मदत.

मी १९९८ला नोकरीसाठी सेंट लुईसला आलो. खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. १० ऑक्टोबर १९९९ला ऑफिसातल्या एकाकडे जास्तीचं तिकीट होतं, म्हणून गेलो. तेव्हाचा सेंट लुईसचा संघ रॅम्स विरुद्ध सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनायनर्स. या संघानं रॅम्सना सलग १७ वेळा हरवलेलं होतं. त्या दिवशी वॉर्नरनं टचडाऊनचे (म्हणजे चेंडू समोरच्याच्या गोलरेषेपलीकडे पोचवणारे) पाच पास टाकले, त्यातले चार आयझॅक ब्रूसला, आणि रॅम्स ४२-२० असे जिंकले. बंद छताखाली तो आवाज छातीत जाणवत होता. माझ्या शेजारी एक आजोबा होते, सामना संपला तरी उठेनात, नुसते फलकाकडे बघत बसले होते. पुढच्याच आठवड्यात एका मोठ्या क्रीडा साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर वॉर्नरचा फोटो होता आणि प्रश्न होता: हा आहे तरी कोण?

रानजाई

छान लिहिलंय. पण माझ्यासारखीला आधी हे सांगा, क्वार्टरबॅक नेमकं करतो काय? दरवेळी बघायला बसते आणि सगळे एकमेकांच्या अंगावर पडलेले दिसतात, मग बंद करते.

मिसिसिपीकाठी

रानजाई, विचारलंत ते बरं केलंत. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, सरकलात की पुन्हा चार प्रयत्न. प्रत्येक प्रयत्नाला चेंडू मागे क्वार्टरबॅकच्या हातात येतो. त्याच्यापुढे स्वतःच्या पाच धिप्पाड माणसांची भिंत असते आणि समोरून तसेच धिप्पाड चार-पाच जण ती फोडायला येतात. अडीच-तीन सेकंदं मिळतात. तेवढ्यात आपले चार-पाच जण मैदानभर पळत असतात. कोण मोकळा होणार, समोरचा बचाव कसा फिरतोय हे बघून चेंडू फेकायचा.

'मोकळा होणार' म्हटलं, 'मोकळा झालाय' नाही. सगळी मेख तिथेच आहे. झाल्यावर फेकला तर चेंडू पोचेपर्यंत तो पुन्हा झाकला जातो. पळणारा वळायच्या आधीच, तो जिथे वळणार त्या रिकाम्या जागेवर चेंडू सुटलेला असावा लागतो. वॉर्नर या बाबतीत अजोड होता. पायानं फार चपळ नव्हता, पळून सुटका करून घेणं त्याला जमायचं नाही. तो उभा राहायचा, बघायचा, फेकायचा आणि मार खायचा.

डेमॉइनकर

मी इथे डे मॉइनलाच राहतो, त्यामुळे गाळलेल्या वर्षांत थोडी भर घालतो. १९९५ ते ९७ वॉर्नर आमच्या गावच्या आयोवा बार्नस्टॉर्मर्सकडून अरीना फुटबॉल खेळला. जुन्या व्हेटरन्स ऑडिटोरियममध्ये सामने व्हायचे. माझ्या शेजारचे गृहस्थ त्या काळात नेमानं जायचे, अजूनही विषय निघाला की हातवारे करून सांगतात.

अरीना म्हणजे घरातलं फुटबॉल समजा. नेहमीचं मैदान १०० यार्ड लांब आणि ५३ यार्ड रुंद. अरीनाचं ५० यार्ड लांब आणि जेमतेम २८ यार्ड रुंद. सीमारेषेऐवजी कडेला गाद्या लावलेल्या भिंती. बाजूला अकराऐवजी आठ खेळाडू. रिसीव्हरपैकी (पास झेलणाऱ्यांपैकी) एकाला चेंडू सुटायच्या आधीच पुढच्या दिशेनं धावत यायची मुभा. म्हणजे जागा कमी, माणसं जवळ आणि सगळं दुप्पट वेगानं. विचार करायला वेळच नाही, दिसलं की हात सुटला पाहिजे. तीन हंगाम हेच. ९६ आणि ९७, दोन्ही वर्षी त्यानं संघाला अरीना बोलपर्यंत, म्हणजे त्या लीगच्या अंतिम सामन्यापर्यंत, नेलं.

आता मला सांगा, एवढ्याशा जागेत तीन वर्षं नेम धरलेला माणूस ५३ यार्ड रुंदीच्या मैदानात उभा राहिला तर त्याला काय दिसेल? माळरान दिसेल.

मिसिसिपीकाठी

डेमॉइनकर, अगदी हेच लिहायचं होतं मला, आणि तुम्ही माझ्यापेक्षा नेमकं लिहिलंत. लोक अरीनाची तीन वर्षं 'नाइलाज म्हणून' या खात्यात टाकतात. १९९४ला 'तयारी नाही' म्हणणाऱ्या माणसाची तयारी तिथे झाली.

पुढचं थोडक्यात. १९९७ला शिकागो बेअर्सनी चाचणीला बोलावलं. ऑक्टोबरमध्ये ब्रेंडाशी लग्न झालं, जमैकाला मधुचंद्राला गेले आणि तिथे फेकायच्याच हाताच्या कोपराला कोळी चावला. कोपर सुजला, चाचणी गेली. मग रॅम्सनी करारात घेतलं आणि १९९८च्या वसंतात युरोपच्या लीगमध्ये ॲमस्टरडॅम ॲडमिरल्सकडे पाठवलं. तिथे पासचे यार्ड आणि टचडाऊन दोन्हींत तो पहिला. त्या संघात त्याच्या मागे राखीव होता जेक डेलोम, जो पुढे कॅरोलायनाला सुपर बोलपर्यंत घेऊन गेला. परत येऊन १९९८चा हंगाम रॅम्सचा तिसरा क्वार्टरबॅक म्हणून काढला. वर्षभरात मिळून ११ पास, त्यातले ४ पूर्ण. १९९९च्या सुरुवातीला क्लीव्हलँडचा नवा संघ उभा राहत होता, त्याला इतर संघांच्या यादीतून खेळाडू उचलता येणार होते. रॅम्सनी वॉर्नरला त्या यादीत मोकळा सोडला. क्लीव्हलँडनंही घेतला नाही.

थर्डअंपायर

लेख आवडला, पण एक बाजू राहते आहे. १९९९चा रॅम्स संघ आठवा. मार्शल फॉक त्याच वर्षी आला आणि त्या एका हंगामात धावून १,३८१ आणि पास झेलून १,०४८ यार्ड केले. दोन्हीकडे हजार ओलांडणारा तो इतिहासातला दुसराच. ब्रूस होता, टॉरी होल्ट नवा आला होता, भिंतीत ऑर्लँडो पेस. वरून आक्रमणाचे प्रशिक्षक माइक मार्ट्झ यांच्या चाली. अशा संघात चांगला क्वार्टरबॅक कुणीही झाला असता, असं म्हणणारे लोक आहेत आणि त्यांचं म्हणणं अगदीच सोडून देण्यासारखं नाही.

मिसिसिपीकाठी

सोडून देऊ नयेच. फॉक नसता तर ते वर्ष तसं झालं नसतं हे मलाही मान्य आहे. पण दोन गोष्टी सांगतो.

पहिली. तो संघ वॉर्नरसाठी बांधलेलाच नव्हता. ट्रेंट ग्रीनला मोठा करार देऊन आणलं होतं. २८ ऑगस्टच्या सराव सामन्यात ग्रीनच्या गुडघ्यावर मार बसला आणि हंगाम सुरू व्हायच्या आधीच त्याचा हंगाम संपला. मुख्य प्रशिक्षक डिक व्हर्मील पत्रकारांसमोर आले तेव्हा त्यांचे डोळे भरलेले होते. आम्ही सगळे कर्ट वॉर्नरच्या पाठीशी उभे राहू आणि चांगलं फुटबॉल खेळू, असं ते म्हणाले. आदल्या वर्षी १६ सामन्यांत चार जिंकून बारा हरलेला संघ, आणि हाती आलेला माणूस असा की त्यानं या लीगमध्ये एकूण ११ पास टाकलेले. तो हंगाम १३-३ गेला. वॉर्नरच्या पासचे ४,३५३ यार्ड, ४१ टचडाऊन आणि लीगचा सर्वोत्तम खेळाडू. फॉक, ब्रूस, होल्ट होते हे खरं, पण ते मोकळे होण्याच्या आधी चेंडू सोडणारा लागतो.

दुसरी म्हणजे ॲरिझोना. ते पुढे येईलच.

अबोली

मी फुटबॉल बघत नाही. माझा मुलगा एकोणीस वर्षांचा आहे, त्याला बौद्धिक अपंगत्व आहे. कुणीतरी मला वॉर्नरच्या घरच्या गोष्टीमुळे हा धागा पाठवला, म्हणून त्याबद्दल लिहिते. हल्ली त्यांच्याविषयी बरंच वाचलंय.

ब्रेंडा आधी मरीन दलात होती. पहिल्या लग्नातला मुलगा झॅक चार महिन्यांचा असताना आंघोळ घालताना वडिलांच्या हातून निसटला, डोक्याला मार लागला, मेंदूला इजा झाली, दृष्टी जवळजवळ गेली. पुढे नवरा सोडून गेला. दोन मुलं घेऊन ती आईवडिलांकडे परतली, सरकारी अन्नकुपनांवर घर चालवत होती आणि परिचारिकेचं शिक्षण घेत होती. वॉर्नर तिला एका नाचाच्या ठिकाणी भेटला. आपल्याला दोन मुलं आहेत, पुन्हा भेटायचं नसेल तर समजू शकते, असं तिनं सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गुलाबाचं फूल घेऊन दारात. झॅकनं त्याचा हात धरला आणि घरभर फिरवून आपल्या वस्तू दाखवल्या.

हे वाचताना मी थांबले. आमच्याकडे कुणी आलं की माझा मुलगाही हात धरून पहिल्यांदा आपला रेडिओ दाखवायला नेतो. काही लोक दोन मिनिटांत हात सोडवून घेतात. कोण सोडवत नाही हे आम्हाला लगेच कळतं, आणि ती माणसं आम्ही कधी विसरत नाही.

१९९६च्या एप्रिलमध्ये ब्रेंडाचे आईवडील आर्कान्सामध्ये चक्रीवादळात गेले. तुम्ही ज्या तीन वर्षांना अरीनाची वर्षं म्हणताय त्यांत हेही होतं. लग्नानंतर त्यानं दोन्ही मुलांना दत्तक घेतलं.

मिसिसिपीकाठी

अबोलीताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. मी मैदानाबद्दलच लिहीत राहिलो असतो. ॲरिझोनात ग्लेनडेलला त्यांनी 'ट्रेझर हाउस' नावाचं निवासस्थान उभं केलंय, विकासात्मक अपंगत्व असलेल्या तरुणांना आपापल्या खोलीत, सोबतीनं आणि मदतीच्या आधारानं राहता यावं म्हणून. त्याची प्रेरणा झॅकच.

अबोली

हो, त्याचबद्दल शोधत होते. आमच्या पालकांच्या गटात दर बैठकीला शेवटी एकच प्रश्न येतो: आमच्यामागे काय. इथे अशी ठिकाणं आहेत पण थोडी, आणि बरीचशी पालकांनीच एकत्र येऊन उभी केलेली. नावाजलेल्या माणसानं धनादेश देऊन फोटो काढण्यापेक्षा राहायची जागा बांधणं ही फार वेगळी गोष्ट आहे. मुलाला आपल्यानंतर स्वतःची खोली, स्वतःची किल्ली असावी, एवढंच आम्हाला हवं असतं.

राखीव_तिसरा

मी व्हॉलीबॉल खेळतो, विद्यापीठ संघात तिसरं वर्ष राखीव. वाचून एकच विचारायचंय. २००० नंतर त्याचं सगळं चांगलंच झालं का?

मिसिसिपीकाठी

नाही, आणि ते सांगायलाच हवं.

२००१ला तो पुन्हा लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, ४,८३० यार्ड. पण सुपर बोलमध्ये न्यू इंग्लंडनं २०-१७ असं हरवलं. टॉम ब्रेडीचं पहिलं विजेतेपद. टाय लॉनं वॉर्नरचा पास मधेच पकडून ४७ यार्ड पळत टचडाऊन केलं, ते अजून डोळ्यांसमोर आहे. २००२ला उजव्या हाताचं बोट मोडलं. त्या वर्षी तो सुरुवातीपासून उतरला ते सहाच्या सहा सामने संघ हरला. २००३च्या पहिल्याच सामन्यात डोक्याला मार बसला आणि चेंडू सहा वेळा हातातून निसटला. दुसऱ्या आठवड्यापासून जागा मार्क बल्जरकडे. ज्या शहरात त्याच्या नावानं डोम दुमदुमायचा तिथेच लोक त्याला वैतागले. मीही त्या दिवसांत ऑफिसात 'आता बास झालं' असं बोललोय, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं.

२००४ न्यूयॉर्क जायंट्स. नऊ सामन्यांत पाच जिंकले तरी जागा नव्या एली मॅनिंगला दिली. २००५ ॲरिझोना कार्डिनल्स. तिथेही २००६ला त्याच्या डोक्यावर मॅट लायनार्ट आणला. पस्तिशीत पुन्हा राखीव. २००७ला लायनार्टचं गळपट्टीचं हाड मोडलं तेव्हा वॉर्नर पुन्हा उतरला.

थर्डअंपायर

आणि २००८. माझाच मुद्दा मी आता तपासून बघतो. कार्डिनल्स हा जुना संघ, १९४७नंतर एकही विजेतेपद नाही, आणि सुपर बोल तर कधी पाहिलेलाच नाही. प्रशिक्षक केन व्हिझनहंट, धावणारा फॉकसारखा कुणी नाही, लॅरी फिट्झजेरल्ड मात्र अव्वल. वॉर्नर ३७ वर्षांचा. हंगाम कसाबसा ९-७. तिथून ईगल्सना ३२-२५ हरवून सुपर बोल गाठला. दोन वेगवेगळ्या संघांना सुपर बोलमध्ये उतरवणारा त्याच्या आधी फक्त क्रेग मॉर्टन. त्या दिवशी वॉर्नरचे ३७७ यार्ड. फिट्झजेरल्डच्या ६४ यार्डांच्या टचडाऊननं २:३७ शिल्लक असताना आघाडीही आली होती. स्टीलर्सच्या सँटोनियो होम्सनं ३५ सेकंद उरले असताना कोपऱ्यात झेल घेतला आणि २७-२३. संघ बदलला, प्रशिक्षक बदलला, चाली बदलल्या तरी तो त्याच दारात उभा राहिला. माझं आधीचं म्हणणं मागे घेतो.

डेमॉइनकर

पहिल्या अर्ध्याच्या शेवटी जेम्स हॅरिसननं पास पकडून १०० यार्ड पळत केलेलं टचडाऊनही विसरू नका. तो चेंडू वॉर्नरनं अगदी गोलरेषेपाशी टाकला होता. ते सात गुण गेले नसते तर आज आपण वेगळं बोलत असतो. वॉर्नरचा खेळ असाच, जे त्याला जिंकवायचं तेच कधीकधी हरवायचं. चेंडू माणूस मोकळा होण्याआधी सुटतो, आणि समोरच्यानं तेच आधी वाचलं तर संपलं.

मिसिसिपीकाठी

हे अगदी बरोबर.

शेवटच्या हंगामातला पॅकर्सविरुद्धचा सामना मात्र त्याचं सगळं एका जागी दाखवतो. १० जानेवारी २०१०, ५१-४५, जादा वेळेत विजय. ३३ पैकी २९ पास पूर्ण, ३७९ यार्ड, पाच टचडाऊन. चुकलेले पास चार आणि टचडाऊन पाच. आणि समोर पॅकर्स, ज्यांच्या शिबिरात तो 'नाही' म्हणाला होता.

पुढच्या आठवड्यात न्यू ऑर्लीन्समध्ये दणकून हरले. स्वतःचा पास पकडला गेल्यावर पळणाऱ्याच्या मागे जाताना त्याला असा धक्का बसला की बराच वेळ तो पाठीवर पडून होता. दुसऱ्या अर्ध्यात परत आला, पण २९ जानेवारीला निवृत्ती जाहीर केली. ३२,३४४ यार्ड, २०८ टचडाऊन. २०१७ला कँटनच्या हॉल ऑफ फेममध्ये (या खेळातल्या थोरांच्या मानाच्या दालनात) गेला. अरीना फुटबॉलचाही हॉल ऑफ फेम आहे, आणि दोन्हीकडे असलेला तो एकटाच.

राखीव_तिसरा

कळलं. एक शेवटचं. एकच चाल बघायची असेल तर कुठली बघू? बाकी खेळ नंतर शिकेन.

मिसिसिपीकाठी

३० जानेवारी २०००, अटलांटा, टेनेसी टायटन्स. रॅम्स १६-० पुढे होते, टायटन्सनी १६-१६ केलं. दोनेक मिनिटं उरलीत. त्यानंतरची रॅम्सची पहिलीच चाल बघ. त्याच्या बरगड्या आधीच दुखावलेल्या आहेत. टायटन्सचा जेव्हॉन कर्स भिंत फोडून येतोय. वॉर्नरला तो येताना दिसतो.

पहिल्यांदा बघशील तेव्हा सगळ्यांसारखं ब्रूसकडे बघ. चेंडू थोडा कमी पडतो, ब्रूस मागे वळतो, झेलतो, आत कापतो आणि ७३ यार्ड, टचडाऊन. यानंतर टायटन्सचा केव्हिन डायसन शेवटच्या चालीला गोलरेषेपासून एका यार्डावर माइक जोन्सच्या हातात अडकला, २३-१६. पण तो भाग नंतर.

दुसऱ्यांदा बघताना चेंडू सोडून फक्त वॉर्नरचे पाय बघ. मागे हटत नाहीत. कर्स अंगावर येतो त्या क्षणी हात पुढे गेलेला असतो, आणि ब्रूस तेव्हा अजून सरळ पळतोय, मागे वळून पाहिलेलं नाही. मग वॉर्नर खाली पडतो. टचडाऊन त्याला दिसतच नाही. तो पडल्या पडल्या मान वळवून गर्दीचा आवाज ऐकतो.